फिल्ग्रास्टिम लोकलने नेताना

वर एका ताईंनी विचारलंय, केमोनंतरचं फिल्ग्रास्टिम (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) परळहून बदलापूरला बर्फात घालून नेलं तर चालेल का? मी इथल्याच एका रुग्णालयाच्या फार्मसीत आहे, म्हणून थोडी भर घालतो.

ताई, थेट बर्फात नको. हे प्रथिन आहे, त्याला २ ते ८ अंश लागतात. ते गोठू देऊ नका. आइसपॅक टॉवेलात गुंडाळा, मध्ये पुठ्ठा घाला. घरी फ्रिजच्या दारात नको (ते दिवसभर उघडत असतं), मधल्या कप्प्यात ठेवा. आणि औषध जोरात हलवू नका.

आमच्याकडे ते शिरेतून द्यायचं असेल तर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच (ग्लुकोजच्या द्रावणात) मिसळतो. मिठाच्या सलाइनमध्ये साका धरू शकतो. नव्या पोरांना हे पहिल्याच दिवशी घोकून घ्यायला लावतो. उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन मात्र साध्या कपाटात राहतं, त्यासाठी फ्रिज अडवू नका.

केमोनंतर किमान २४ तास जाऊ द्यायचे असतात, त्यामुळे डॉक्टरांनी लिहिलेली वेळ घाईने अलीकडे आणू नका. पावसात गाडी अडकलीच, तर घाबरून इंजेक्शन फेकू नका. बाहेर किती वेळ चालतं ते कंपनीगणिक वेगळं असतं, खोक्यातल्या कागदावर बघा किंवा जिथून घेतलं तिथे फोन करा.