घोड्यावरून पडल्याचं रील, हसायचं की थांबवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही दादरला राहतो, लेक 13 वर्षांची, वर्षभर हॉर्स रायडिंग शिकतेय. रविवारी घोडा उडत्या प्लास्टिकच्या पिशवीला बिचकला आणि ही धपकन खाली, तोंडात माती, एक पाय क्षणभर रिकिबीत (खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी) अडकलेला. बॅचमधल्या कोणीतरी शूट केलंच होतं, ढोलकीचं म्युझिक टाकून रील बनवलं, आमच्या फॅमिली ग्रुपवर पण फिरलं आणि खरं सांगू, आधी मी पण हसले. पण काल लेक म्हणते, आई पुढच्या वेळी मी अजून मस्त पडेन!

तिथे माझं डोकं फिरलं. सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह 1995 मध्ये घोड्यावरूनच पडला आणि मानेखाली लुळा झाला. पाय अडकून घोडा पळाला तर माणूस फरफटत जातो, म्हणून तर सर रोज ओरडतात, टाच खाली, टाच खाली. आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं असतं, ते कुठल्या रीलमध्ये दिसतं? वर कमेंट, 'घोड्याला दोन फटके द्या'. अहो तो बिचकला, त्याची काय चूक!

मिस्टर म्हणतात हसण्यावारी नेलं की भीती जाते. तेही खोटं नाही, माथेरानला मी पडले तेव्हा सगळे इतके घाबरले की मी परत कधी बसलेच नाही.

ज्यांची मुलं शिकतात त्यांनी सांगा ना, रील काढायला लावू का? आणि हिला न घाबरवता कसं समजावू?