मदत हवी आहे : कॉलनीतले रस्त्यावरचे दिवे 9 दिवसांपासून बंद, इंदूरमध्ये नक्की कोणाला पकडायचं?

अंधारातला_इंदुरी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, मोबाइलवरून घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमच्या कॉलनीतले रस्त्यावरचे दिवे 9 दिवसांपासून बंद आहेत, सगळे म्हणजे सगळे, एक पण पेटत नाही. ॲपवर तक्रार टाकली तर दोन दिवसांत ती बंद करून टाकली, पार्षदांना फोन केला तर ते म्हणाले बघतो. परवा आई देवळातून येताना चेंबरच्या झाकणाला अडखळून पडली, गुडघा फुटला, टाके पडले नाहीत पण सूज अजून आहे आणि ती आता संध्याकाळी बाहेर पडायलाच तयार नाही. संपत्तिकर दर वर्षी भरतो. आपल्या टॅक्समधून एवढे पगार घेणारे लोक करतात तरी काय? मला फक्त एवढं सांगा की हे काम नक्की कोणाचं आणि कोणाचा कान पिळला की उद्या दिवे लागतील. लेक्चर नको प्लीज.

पोहे_शेव_लिंबू
वॉर्ड नंबर? झोन? 85 वॉर्ड आहेत, आम्ही काय ज्योतिषी आहोत का.

पुणेकर_411030
नगरसेवकाला लेखी निवेदन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नसतं, हा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. बाकी शीर्षकात 'इंदूर' असं नीट लिहिल्याबद्दल अभिनंदन, हल्ली आपलेच लोक 'इंदौर' लिहितात.

राजवाड्यावरची
काका, इथे नगरसेवक नसतो, पार्षद असतो. आणि आमच्या चार पिढ्या इंदूरच म्हणतात, त्यात अभिनंदन कसलं.

अंधारातला_इंदुरी
वॉर्ड बायपासच्या बाजूचा आहे, नंबर मुद्दाम लिहीत नाही, ओळखीचे लोक आहेत इथे. नवीन कॉलनी आहे, म्हणजे 10-11 वर्षं झाली, अजून सगळे नवीनच म्हणतात.

सोलरवाला_भिया
भावा सोप्पा इलाज आहे, सोलर स्ट्रीटलाइट लावा, वायरच नको ना बिल नको. खुद्द निगमनेच (महापालिकेने) तर फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बॉन्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले ना, नर्मदेकाठच्या जलूदला 60 मेगावॅटचा सोलर प्लांट लावायला, कारण आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी तिथून 70 किलोमीटर वर चढवून आणायला लागतं आणि सगळा पैसा पंपांच्या बिलातच जातो. एवढं मोठं शहर सोलरवर येऊन राहिलं तर तुमची कॉलनी का नाही? किती पोल आहेत सांगा, अंदाज काढून देतो.

पोहे_शेव_लिंबू
आला सेल्समन 😀

निवृत्त_बाबू
नमस्कार. एका स्थानिक संस्थेच्या लेखा शाखेत मी 33 वर्षं काढली, म्हणून "पगार घेणारे लोक करतात तरी काय" हे वाचून राहवलं नाही. तुम्हाला वाटतं पगार तुमच्या संपत्तिकरातून होतो. मध्य प्रदेशात चुंगी, म्हणजे पुणेकरांच्या भाषेत जकात, 1976 साली गेली, तेव्हापासून राज्य सरकार निकायांना (नगरपालिका, निगम वगैरे) चुंगी क्षतिपूर्ती, म्हणजे भरपाई, देतं आणि पगाराचा मोठा भाग त्या पैशातून निघतो. तो हप्ता कापून आला किंवा उशिरा आला की पगार लांबतो, हे मी बिलं बनवता बनवता पाहिलंय. बाबू लोक तर तरी बरे. पहाटे झाडायला येतात ते पुष्कळसे मस्टरवाले, हजेरी लागली तर पैसे. सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या उमादेवी निकालानंतर त्यांना नियमित करायचं दार जवळजवळ बंदच झालं, मग 2016 मध्ये राज्याने स्थायीकर्मी नावाची सोय काढली, ती पण सगळ्यांना कुठे मिळाली. सातव्या वेतन आयोगाचा आकडा पेपरात वाचून झाडूवाल्या बाईला तोच पगार मिळतो असं समजू नका. तुमच्या आईसाहेबांना बरं वाटो.

मेट्रोच्या_खाली
बाबूजी मान्य, पण माझ्या घरासमोर तिघं झाडतात आणि दरोगा (सफाईचा मुकादम) मोटारसायकलवर बसून मोबाइल बघतो, त्याचा पगार कोणत्या हेडमधून जातो ते पण सांगा.

निवृत्त_बाबू
दरोगा बसलेला तुम्हाला दिसतो. तिघांपैकी एक आली नाही की साडेपाचला दुसरी शोधायला कोण पळतो ते दिसत नाही, कारण तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

राजवाड्यावरची
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा ना. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर येतो तो कोणामुळे येतो हे सगळ्यांना माहीत आहे. इथे प्रश्न दिव्यांचा आहे.

नियम_कायदा
धागाकर्ते, दोन गोष्टींची उत्तरं द्या, बाकी सोडा. एक, कॉलनी हस्तांतरित झाली आहे का? दोन, तक्रार बंद करताना शेरा काय लिहिला होता? तक्रार नुसती बंद होत नाही, खाली एक ओळ असते.

अंधारातला_इंदुरी
शेरा आत्ता पाहिला. "कॉलनी हस्तांतरित नसल्याने" असं काहीतरी आहे. मला वाटलं टाळायला लिहिलंय. हस्तांतरित म्हणजे काय, रजिस्ट्री तर माझ्या नावावर आहे, नामांतरण पण झालंय.

पोहे_शेव_लिंबू
😂😂 धागा इथेच संपला.

नियम_कायदा
रजिस्ट्री तुमच्या घराची. रस्ते, खांब, ड्रेनेज, बगीचा हे बिल्डरने पूर्ण करून, कार्य पूर्णतेचं प्रमाणपत्र घेऊन निगमच्या ताब्यात द्यायचं असतं, त्याला हस्तांतरण म्हणतात. ते होत नाही तोपर्यंत देखभाल बिल्डरची. संपत्तिकर वेगळा, तो शहराच्या हद्दीत मालमत्ता आहे म्हणून लागतो, पोलवर दिवा आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. (स्वतः राहत असाल तर 50 टक्के सूट मिळते, ती तरी घेता ना? नसाल घेत तर आधी ते बघा.) आता पुढचा प्रश्न. पोलवरचा करंट कोणाच्या मीटरवरून येतो?

अंधारातला_इंदुरी
मीटर माहीत नाही. बघून सांगतो.

बडोदेकर_भाऊ
आमच्या इथे ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं तेव्हा किती दिवस अंधार होता, आम्ही गच्चीवर मेणबत्त्या लावून भेंड्या खेळलो. नऊ दिवस रस्त्यावरचे दिवे नाहीत म्हणून धागा काढायचा म्हणजे कमाल आहे. घरात तर लाइट आहे ना?

राजवाड्यावरची
भाऊ, पुराचं दुःख मोठं आहे, मान्य. पण त्यांची आई पडली आहे.

खाली_कुर्सी
ह्या सगळ्याचं मूळ एकच, निवडून दिलं की पाच वर्षं कोणी तोंड दाखवत नाही. आपल्या राज्यात रिकॉल आहे, लोक विसरले. 2001 मध्ये अनूपपूरच्या लोकांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना खाली कुर्सी भरी कुर्सीच्या (रिकामी खुर्ची म्हणजे हटवा, भरलेली म्हणजे ठेवा) मतदानाने घरी बसवलं होतं. सह्या गोळा करा आणि पार्षदाला परत बोलवा.

नियम_कायदा
अनूपपूरचं बरोबर आहे पण ते अध्यक्षाच्या खुर्चीचं होतं. पार्षदाला कुठे लावताय. आणि महापौर 2022 मध्ये थेट लोकांनी निवडले, ते काय तुमच्या कॉलनीच्या फ्यूजला जबाबदार आहेत का? जिथे तिथे राजकारण.

खाली_कुर्सी
राजकारण नाही तर काय, निवडणुकीत हेच पार्षद आमच्या गेटवर येऊन "दिवे लावून देतो" म्हणाले होते.

मेट्रोच्या_खाली
आमच्याकडे पण म्हणाले होते, वॉर्ड वेगळा आणि पक्ष पण वेगळा.

अंधारातला_इंदुरी
बघून आलो. गेटच्या चौकीमागे लोखंडी पेटी आहे, तिच्यात दोन मीटर, एक बोअरच्या पंपाचा आणि एक दिव्यांचा. दिव्यांच्या मीटरची डिस्प्ले काळी, मीटरच्या वरच्या वायरी कापून टोकांना काळी टेप गुंडाळली आहे आणि पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, पावसाने अर्धा धुतला गेलाय पण "बकाया" आणि बिल्डरच्या फर्मचं नाव वाचता येतं. गार्ड म्हणाला, भैया ये तो नौ दिन पहले ही काट गए, आपको पता नहीं था? आता सांगा, बिल बिल्डरने भरलं नाही तर शिक्षा आम्हाला का?

पोहे_शेव_लिंबू
म्हणजे दिवे "बंद पडले" नाहीत, कनेक्शन कापलंय. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आमचा एक दिवस वाचला असता.

पुणेकर_411030
मी म्हणत होतो ना लेखी निवेदन द्या.

नियम_कायदा
आता मुद्द्यावर आलो. प्रोजेक्ट रेरामध्ये (बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा आणि प्राधिकरण) नोंद आहे का बघा, 1 मे 2017 ला ज्यांचं पूर्णता प्रमाणपत्र झालेलं नव्हतं त्यांना नोंदणी करायलाच लागली होती. नोंद असेल तर रेराच्या कलम 11 मध्ये आहे की रहिवाशांना किंवा त्यांच्या संस्थेला ताबा देईपर्यंत विजेपाण्याचा खर्च बिल्डरने भरायचा. भोपाळला रेरात तक्रार लागते, ऑनलाइन होते, पण उद्या दिवे लागणार नाहीत. उद्याचे दिवे हवे असतील तर थकबाकी भरा, पावती बिल्डरच्या मीटर नंबरवर घ्या, आणि तीच पावती नंतर तक्रारीला जोडा. त्याच पेटीत नवीन नावाने कनेक्शन मागायला जाल तर आधी जुनी बाकी मागतात. आणि 10 रुपयांचा आरटीआय टाका, कॉलनीची विकास परवानगी आणि बंधक प्लॉटची यादी मागा. विकासकामाच्या हमीसाठी बिल्डरचे प्लॉट गहाण ठेवलेले असतात, ते सुटले असतील तर तुमच्या हातातली दोरी गेली. तुमची रहिवासी संस्था 1973 च्या सोसायटी कायद्याखाली रजिस्टर आहे ना?

अंधारातला_इंदुरी
रजिस्टर आहे. सचिव फोन उचलत नाहीत.

राऊवाली
आमच्या कॉलनीत अगदी हेच झालं होतं म्हणून विचारते, राग नको. हस्तांतरण 10 वर्षं अडलंय ते बिल्डरने अडवलंय की तुमच्याच लोकांनी? आमच्याकडे बिल्डर द्यायला तयार होता, मीटिंगमध्ये आमच्यातलेच दोन आजोबा उठून म्हणाले की निगमला दिली तर रस्ते सगळ्यांचे होतील, गेट उघडं ठेवावं लागेल, बाहेरच्या गाड्या आत लागतील, मग आम्ही गेटेड म्हणून जास्त पैसे कशाला मोजले? झालं, ठराव पडला. गेट पण आपलं हवं आणि दिवे निगमचे हवे, दोन्ही कसं मिळेल.

अंधारातला_इंदुरी
...आमच्याकडे पण 2019 मध्ये मीटिंग झाली होती. गेटसाठीच नाही म्हटलं होतं बहुतेकांनी.

राऊवाली
बहुतेकांनी म्हणजे तुम्ही पण?

अंधारातला_इंदुरी
हो. तेव्हा मुलगी लहान होती, ती गेटच्या आत सायकल चालवायची.

राऊवाली
त्यात चूक काही नाही, मी पण तेच केलं होतं. मग तेव्हापासून कॉमन बिल कोण भरत होतं?

अंधारातला_इंदुरी
बिल बिल्डरच्या नावाने येतं पण भरायची संस्था, मेंटेनन्समधून. 700 रुपये महिना.

नियम_कायदा
अहो! म्हणजे बिल्डरने भरलं नाही असं नाही, संस्थेने भरलं नाही. किती घरं आणि किती जण देतात?

अंधारातला_इंदुरी
112 घरं. सचिवांशी आत्ता बोलणं झालं, आज तिसऱ्या रिंगला उचलला. 41 घरं नियमित देतात. ते म्हणाले, सांगायला लाज वाटते म्हणून फोन घेत नव्हतो, मागच्या दोन बिलांत मी घरचे पैसे घातले, तिसऱ्याला माझ्याकडेच नव्हते.

मेट्रोच्या_खाली
आणि तुम्ही 41 मध्ये की 71 मध्ये?

पोहे_शेव_लिंबू
🍿

अंधारातला_इंदुरी
14 महिने बाकी आहेत माझे. बगीच्यातला झोपाळा तुटला होता तो दुरुस्त करत नव्हते म्हणून रागात बंद केले होते. असो.

निवृत्त_बाबू
निदान खरं लिहिलंत. आमच्या शाखेत रांगेत सगळ्यात जास्त आवाज ज्याचा असायचा, त्याची फाइल काढली की बहुतेक वेळा तीन वर्षांचा जलकर बाकी निघायचा.

सोलरवाला_भिया
म्हणूनच म्हणतो सोलर. बिलच नाही तर भांडण कशाचं. किती पोल आहेत ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

पुणेकर_411030
विषयांतर होतंय पण इंदूरला पुढच्या महिन्यात येतोय, सराफ्यात दुकानं रात्री किती वाजता लागतात? आणि गराडू (तो तळलेला कंद) तेव्हा मिळेल का?

राजवाड्यावरची
सराफा बाजाराची सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की मग खाण्याच्या गाड्या लागतात, नऊनंतर या. गराडू हिवाळ्यातच.

अंधारातला_इंदुरी
अपडेट. माझे 9800 भरले, सचिवांबरोबर सकाळी पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली, म्हणजे घराघरात जाऊन, आमच्याकडे मजले कुठले, घाईत काहीही लिहितोय. 29 घरांनी थोडेफार दिले. एका घरी काकूंनी विचारलं, तू स्वतः भरलेस का रे, मोबाइलवर पावती दाखवली तेव्हा आतून पाकीट आणलं. थकबाकी पूर्ण भरून पावती दाखवली, संध्याकाळी दोन लाइनमन आले, अर्ध्या तासात जोडून गेले. त्यातला एक पोरगा आउटसोर्सवर आहे, चहा घेता घेता म्हणाला या महिन्याचा पगार अजून झाला नाही. बाबूजी, तुमची आठवण आली. आई दारात उभी राहून दिवे बघत होती पण बाहेर पडली नाही अजून. रेराचं आणि आरटीआयचं नियम_कायदा यांनी सांगितलंय ते पुढच्या रविवारी मीटिंगमध्ये ठेवतो, हस्तांतरणाचा ठराव पण. गेटवरून भांडण होणार हे नक्की.

आता नवीन लफडं असं की दिवे काल रात्रीपासून जळतायत ते आत्ता दुपारी एक वाजता पण चालूच आहेत. टायमर असतो म्हणे, तो नक्की कुठे असतो आणि कोण सेट करतं? अर्जंट आहे, मीटर पळतोय.

पोहे_शेव_लिंबू
वॉर्ड नंबर?