टेस्ट चालू असताना क्लायंटला डॅशबोर्डची लिंक द्यावी का?

धागाकर्ती

माझं मत आधीच सांगते: देऊ नये. ए/बी टेस्ट (निम्म्या लोकांना जुनं पान ए आणि निम्म्यांना बदललेलं पान बी दाखवून कोणतं जास्त चालतं ते बघणं) ठरलेल्या तारखेला संपेपर्यंत डॅशबोर्डवरचे ताजे आकडे क्लायंटला दाखवू नयेत, आणि आपल्याच ऑफिसातल्या सेल्स किंवा डिझाइनच्या लोकांनाही नाही.

हे अनुभवावरून लिहितेय. चेकआउटच्या फॉर्ममधून फोन नंबरची चौकट काढून बघायची, एवढीच टेस्ट होती. क्लायंटकडे लिंक होती. चौथ्या दिवशी तिथे हिरव्या रंगात, म्हणजे बी जिंकतंय अशा खुणेने, ऑर्डरमध्ये +१८% दिसलं. त्यांच्याकडच्या एकांनी स्क्रीनशॉट काढून वरिष्ठांना पाठवला आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा पुढच्या तिमाहीच्या अंदाजात जाऊन बसला. तिसऱ्या आठवड्यात फरक जवळपास शून्यावर आला. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मला एकच प्रश्न विचारला गेला: "आमचे १८ टक्के गेले कुठे?" ते मुळात कधी आलेच नव्हते, हे पटवताना माझी पुरेवाट झाली.

यामागचं गणित साधं आहे. दोन्ही पानांत खरा फरक काहीच नसेल आणि आपण ०.०५ ची मर्यादा (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल तरच तो खरा मानायचा) धरून शेवटी एकदाच निकाल बघितला, तर १०० पैकी ५ वेळा फसगत होते. तीच टेस्ट मध्येमध्ये समान अंतराने १० वेळा बघितली आणि कुठेही हिरवं दिसलं की जिंकलो म्हटलं, तर फसगत सुमारे १९ वेळा होते. क्लायंट तर दिवसातून दोनदा बघतो.

रोजचा एजन्सीवाला

अजिबात सहमत नाही. साइट त्यांची, ट्रॅफिक त्यांचं, पैसे त्यांचे. त्यांच्याच ग्राहकांवर चाललेला प्रयोग त्यांच्यापासून तीन आठवडे झाकून ठेवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

माझा अनुभव उलटा आहे. आमच्या एका टेस्टमध्ये बी पानावर कूपनचं बटण एका ब्राउझरमध्ये चालतच नव्हतं. आमच्या टीममध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. क्लायंटच्या माणसाने लिंक उघडून "बी मध्ये ऑर्डर इतक्या कमी कशा?" असं विचारलं, म्हणून दुसऱ्याच दिवशी सापडलं. लिंक नसती तर ठरलेल्या तारखेपर्यंत त्यांचं नुकसान होत राहिलं असतं.

आणि सारखं बघण्यावर उपाय आहेत. सिक्वेन्शियल चाचणीची पद्धत (आकडे येत जातील तसे मध्येमध्ये बघितले तरी फसगत वाढू न देणारी) संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच मांडली. ए/बी टेस्टचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑप्टिमायझलीने २०१५ मध्ये त्याच विचारावरचं इंजिन आणलं, कारण लोक डोकावणारच हे त्यांनी मान्य केलं. आपणही मान्य करावं.

आकडेमोड

कधी दाखवायचं यावर दोघं भांडताय, पण काय दाखवायचं याकडे कुणाचंच लक्ष नाही.

उदाहरण घ्या. दोन्ही पानांवर १२,००० लोक आले. ए वर ३६० ऑर्डर, बी वर ३९६. म्हणजे ३% आणि ३.३%. रिपोर्टमध्ये काय जातं? "१०% वाढ." आता याच आकड्यांचा ९५ टक्क्यांचा पल्ला (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो त्याचा अंदाज) काढा: साधारण ५% घट ते २५% वाढ. म्हणजे बी ने नुकसानही होत असू शकतं! सुरुवातीचा दर ३% असताना १०% वाढ भरवशाने पकडायची तर प्रत्येक पानावर ५०,००० च्या वर लोक लागतात. पहिल्या स्लाइडवर पल्ला लिहा, एकटा आकडा लिहूच नका. मग लिंक चौथ्या दिवशी द्या की एकविसाव्या, फारसं बिघडत नाही.

प्रॉडक्ट टीममधून

@आकडेमोड, गणित बरोबर आहे, पण मीटिंगमध्ये असं होत नाही. "५% घट ते २५% वाढ" लिहिलं की समोरचा २५ लक्षात ठेवतो. सहकाऱ्यांना मी तीनच गोष्टी पाठवते: काय बदललं, ते का चालेल असं वाटलं होतं, आणि आता करायचं काय. पल्ला खाली असतो, ज्याला हवा तो बघतो.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. हरलेल्या टेस्ट कुणी पाठवतच नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये प्रयोगांचं काम उभं करणारे रॉन कोहावी सांगतात की तिथल्या साधारण एक तृतीयांश कल्पनाच फायद्याच्या ठरल्या, एक तृतीयांशांनी काही फरक पडला नाही आणि उरलेल्यांनी नुकसान केलं. त्यांची ही गत, आणि आपल्या रिपोर्टमध्ये दर महिन्याला सगळं हिरवं? क्लायंटला सवय आपणच लावली आहे. म्हणून एक टेस्ट शून्यावर आली की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

धागाकर्ती

शेवटचा परिच्छेद शंभर टक्के मान्य. तो +१८ त्यांनी लगेच खरा मानला, कारण त्याआधी सहा महिने मी त्यांना फक्त जिंकलेलंच दाखवत होते. ती चूक माझी.

पण मोठा आकडा दिसला की आधी संशय घ्यायचा, हे शिस्तीत बसायला हवं. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर जाहिरातीच्या मथळ्यातल्या एका छोट्या बदलाने उत्पन्न १२% वाढलं, तेव्हा तिथली पहिली प्रतिक्रिया आनंदाची नव्हती, काहीतरी बिघडलंय अशी धोक्याची सूचना वाजली. तपासून झाल्यावरच त्यांनी तो खरा मानला.

कूपनच्या बटणाचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. म्हणून लिंक द्यायची, पण वेगळी: कोणत्या पानावर किती लोक गेले, एरर किती, आणि ऑर्डर एका मर्यादेखाली घसरल्या तर लाल खूण. कोण पुढे आहे ते नाही. निम्मे-निम्मे वाटताना एकीकडे १२,००० आणि दुसरीकडे ११,४०० दिसले, तरी वाटपात गडबड आहे हे तिथेच कळतं.

रोजचा एजन्सीवाला

लाल खूण चालेल. पण बाकीचं झाकलेलं मला अजूनही पटत नाही. दुसऱ्या दिवशी फोन येणार, "बी कसं चाललंय?" तेव्हा काय सांगणार?

धागाकर्ती

निकालाची तारीख टेस्ट सुरू व्हायच्या आधीच मेलमध्ये जाते, आणि यापुढे त्याच मेलमध्ये हेही लिहीन: "मध्येच विचारलंत तर मी आकडा सांगणार नाही, साइट नीट चालली आहे का ते सांगेन." सोमवारी एक नवीन टेस्ट सुरू होतेय. क्लायंटने या मेलला होकार दिला तरच ती सुरू करेन.