जुनी गाडी तापते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो

प्रश्न: पेट्रोल गाडी, १५ वर्षं जुनी. चढावर काटा लालपर्यंत जातो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतं, पण खाली थेंबही दिसत नाही. आधी काय तपासू?

उत्तर १: धुराचा रंग. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. पहिला संशय हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली सील). थंडीत सुरुवातीला दिसणारी वाफ वेगळी, तिची काळजी नको.

उत्तर २: इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना उकळतं पाणी अंगावर उसळतं. मग स्टार्ट करा. बुडबुडे थांबतच नसतील तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजा: शेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम कमी आलं तर गॅस्केट त्यांच्या मधोमध फाटलंय. ऑइलच्या झाकणाखालच्या दुधाळ थरावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, सतत छोट्या फेऱ्या मारल्या तरी तो जमतो.

उत्तर ३: नुसतं गॅस्केट बदलू नका. हेड वाकलंय का ते सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघा. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), फॅन, वॉटर पंपही तपासा. तापण्याचं मूळ तिथे असेल तर नवं गॅस्केटही जाईल. तोवर गाडी चालवू नका.