ट्रेफीन की ट्रिफाइन?

भाषांतर करणारी, सांगली : नेत्ररोपणाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. पारपटलाची (कॉर्नियाची) चकती कापायच्या गोल पात्याला मी 'ट्रेफीन' लिहिलं. मिरजेच्या डॉक्टरांनी खोडून 'ट्रिफाइन' केलं. बरोबर काय? आणि मराठी शब्द आहे का?

ओटी सिस्टर, मिरज : आमचे सर ट्रिफाइनच म्हणतात. पण इंग्रजी कोशात 'फाइन' नि 'फीन' दोन्ही आहेत.

निवृत्त शिक्षक, कोरेगाव : मूळ ग्रीक 'त्रिपानॉन', भोक पाडायचं हत्यार. ग्रीक शब्दाला 'फाइन' कुठून आणलं?

भाषांतर करणारी, सांगली : सर, ग्रीकमधून आला तो 'ट्रेपॅन', कवटीला भोक पाडायचं जुनं हत्यार. हा वेगळा. १७व्या शतकात जॉन वुडॉल हा इंग्रज सर्जन 'ट्राफाइन' लिहायचा, लॅटिन 'त्रेस फीनेस' म्हणजे तीन टोकं यावरून. पुढं ट्रेपॅनच्या शेजारानं त्याचं स्पेलिंग बदललं.

ओटी सिस्टर, मिरज : मग मोतीबिंदूत भिंगाचं आवरण रंगवायला वापरतात ते ट्रायपॅन ब्लू? तेही त्रिपानॉनच का?

भाषांतर करणारी, सांगली : हो, पण वळसा घालून. ट्रिपॅनोसोम या पिळदार जंतूचं नाव त्यावरून, आणि त्या जंतूवरच्या औषधाच्या शोधातून तो रंग आला.

सुतारकीतला, तासगाव : त्रिपानॉन म्हणजे आपला सामता! ग्रीक वैद्यही तो कमानीनं नाहीतर वादीनं फिरवायचे. हाड तापतं म्हणून सारखा बाहेर काढून गार पाण्यात बुडवा, असं हिपोक्रेटिसच्या ग्रंथात आहे. आमचे आजोबा शिसवात भोक पाडताना चार फेऱ्या झाल्या की पातं काढून फुंकर घालायचे. मी एकदा लगेच हात लावला, बोटाला चटका बसला.

शुद्धलेखनवाले, कराड : परका शब्द हवाच कशाला? सुश्रुताच्या वीस शस्त्रांत 'आरा' आहे. चांभाराची आरी ती हीच. 'मंडलारी' करा.

ओटी सिस्टर, मिरज : आरी टोचते हो. हे वाटीनं पुऱ्या पाडाव्यात तसं गोल कापतं. 'मंडलारी' म्हटलं तर पेशंट घाबरून घरी जाईल.

शुद्धलेखनवाले, कराड : 'शस्त्रक्रिया'ही कधीतरी नवाच होता. वापरल्याशिवाय शब्द रुळतो का?

निवृत्त शिक्षक, कोरेगाव : आमच्याकडं सामत्याला गिरमिट म्हणायचे.

सुतारकीतला, तासगाव : नाही सर, गिरमिट वेगळं. सामत्याला कमान, गिरमिटाला आडवी मूठ, मनगटानं पिळायचं. कवटीच्या जुन्या ट्रेफीनलाही तशीच आडवी मूठ असते. म्हणजे ट्रेपॅन तो सामता आणि ट्रेफीन ते गिरमिट.

निवृत्त शिक्षक, कोरेगाव : मग कमानीच्या दोरीला तुमच्याकडं काय म्हणतात?