आपली माणसं, सांगली (फॅमिली ग्रुप), रविवार ४ ऑगस्ट २०२४

सुलूआत्या: स्नेहल अगं फोन उचल गं. टीव्हीवर इंग्लंडच्या दंगलीत मिडल्सबरो मिडल्सबरो चाललंय, तुमचंच ना ते गाव? जावईबापू कुठायत?

नानाकाका: श्रीजेश!!! १० जणांत खेळून ब्रिटनला शूटआउटमध्ये ४-२ लोळवला 🏑🏑

मंदार: नाना मॅच दुपारीच संपली. चौथ्यांदा टाकताय.

स्नेहल: आत्या आम्ही ठीक आहोत, घरातच आहोत. अनिकेत नाइट करून सकाळी आला पण झोप कसली, दुपारपासून डोक्यावर हेलिकॉप्टर. दोन गल्ल्या सोडून घरांच्या काचा फोडल्या, कचऱ्याचे ते चाकवाले डबे असतात ना ते पेटवून पोलिसांवर ढकलत होते. समोरच्या म्हाताऱ्या बाईने आमचा डबा पण तिच्या डब्याबरोबर आत ओढून ठेवला, न सांगता

नानाकाका: घाबरायचं कारण नाही. आपले लोक लीगल आहेत, टॅक्स भरतात. हे सगळं समुद्रातून बोटीने बेकायदा घुसणाऱ्यांविरुद्ध आहे. आपल्याला कोणी काही करणार नाही.

प्राचीवहिनी: पण मुळात झालं काय, त्या साउथपोर्टच्या लहान मुली गेल्या तेच ना

मंदार: तेच. २९ जुलैला डान्स क्लासमध्ये घुसून चाकू चालवला, तीन मुली गेल्या. कोणीतरी नेटवर सोडून दिलं की मारणारा बोटीतून आलेला मुसलमान आहे, खोटं नाव पण चिकटवलं, दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर विटा. पोरगा १७ वर्षांचा म्हणून खरं नाव बाहेर येत नव्हतं, शेवटी १ तारखेला जजने परवानगी दिली तेव्हा आलं. हा तर जन्मलाच तिकडे कार्डिफला, आईबाप रवांडाचे. पण तोवर आग संडरलंड, हल, लिव्हरपूल करत सगळीकडे

स्नेहल: काल रात्री लिव्हरपूलला लायब्ररी पेटवली. पोरांची पुस्तकं काय बोटीतून आलेली?

बापू: आज गटारी आहे बाबा, तिकडे पण जोरात दिसतेय 😂

सुलूआत्या: बापू दीप अमावस्या म्हण. दिवे लावायचे असतात आज. तुला बाटलीशिवाय काही दिसत नाही. आणि ही वेळ आहे का चेष्टेची

बापू: सॉरी आत्या

प्राचीवहिनी: उद्या पहिला श्रावणी सोमवार आहे, भगर कोणाकडे जास्तीची आहे का

नानाकाका: परत सांगतो. आपले लोक लीगल आहेत, टॅक्स भरतात. आपल्याला कोणी काही करणार नाही.

स्नेहल: काका इथे भर रस्त्यात पोरं गाड्या अडवतायत आणि आत वाकून विचारतायत, गोरा आहेस का, इंग्लिश आहेस का. व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. व्हिसा कोणी मागत नाहीये

नानाकाका: मग सरकार झोपलंय का? तो नवा पंतप्रधान स्टार्मर नुसता टीव्हीवर येऊन पस्तावाल पस्तावाल म्हणतोय. आधीचा सुनक हवा होता.

मंदार: स्टार्मरला अजून महिना पुरा नाही झाला. आणि २०११ च्या दंगलीत सरकारी वकिलांचा मुख्य हाच होता, रात्रभर कोर्टं चालवली होती, आत टाकेल बघा. राहिला सुनक, तर 'बोटी थांबवा' ची पाटी टेबलावर लावून भाषणं कोण देत होतं? आज हीच घोषणा देत आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेली हॉटेलं फोडतायत. रॉदरहॅमला आज आत माणसं असताना हॉटेलला आग लावली

नानाकाका: आपल्या देशात बाहेरचे किती घ्यायचे हे विचारणं गुन्हा आहे का.

मंदार: विचारा ना. २००८ ला रेल्वेच्या परीक्षेला उत्तर भारतातून आलेल्या पोरांना मुंबईत बदडलं तेव्हा तुम्ही विचारत नव्हता, पेढे मागवत होता. ती पोरं पण लीगलच होती, हॉलतिकीट होतं हातात

नानाकाका: तो विषय वेगळा आहे.

नानाकाका: आणि तू मला शिकवू नकोस. गावच्या जागेच्या सह्यांना यायला वेळ नसतो, इथे बरा वेळ मिळतो.

मंदार: आली का जागा. मी म्हणतच होतो अजून कशी नाही आली

सुलूआत्या: दोघेही बास. पोरगी तिकडे दारं लावून बसलीय आणि तुमचं काय चाललंय

बापू: नानांना भगर पाठवा कोणीतरी

प्राचीवहिनी: स्नेहल उद्या ड्युटी आहे का गं तुझी

स्नेहल: हो वहिनी सातची. वॉर्डमध्ये आधीच माणसं कमी, निम्म्या नर्सेस केरळच्या नाहीतर फिलिपिन्सच्या, सगळ्यांनी सुट्टी घेतली तर पेशंट कोण बघणार, आणि त्यात उद्या आज डोकं फुटलेले हेच लोक असणार. समोरची बाई म्हणाली मी सोडते माझ्या गाडीने, तू मागे बस

सुलूआत्या: देव भलं करो तिचं. डबा देऊ का म्हणाव

नानाकाका: स्नेहल

नानाकाका: तुमच्या गाडीच्या मागच्या काचेवर गणपतीचा स्टिकर आहे ना. मीच दिला होता. काढून ठेव काही दिवस.

स्नेहल: दुपारीच काढला काका. गोंदाचा डाग राहिलाय, सोंडेचा आकार तसाच दिसतोय

सुलूआत्या: खोबरेल तेल लावून रात्रभर ठेव, निघतो गोंद