वायटी-डीएलपी आणि त्याच्यासोबत लागणारी सॉफ्टवेअर : आपले अनुभव लिहा

स्वतःचे किंवा मुक्त परवान्याचे व्हिडिओ उतरवून ठेवण्यासाठी वायटी-डीएलपी हे कमांड लाइनवरचे, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांनी चालणारे, साधन उत्तम आहे. ते स्वतः सहज इन्स्टॉल होते. गाडे अडते ते त्याला लागणाऱ्या इतर सॉफ्टवेअरपाशी. म्हणून आपली सिस्टीम, निवडलेला मार्ग आणि आलेली अडचण तपशिलाने लिहावी, ही विनंती.

विंडोज वापरकर्ता :
मी वायटी-डीएलपीची थेट चालणारी ईएक्सई फाइल घेतली. तिच्यात पायथन (वायटी-डीएलपी ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिले आहे ती चालवणारे सॉफ्टवेअर) अंतर्भूत असल्याने तो वेगळा टाकावा लागला नाही. मात्र सर्वोत्तम चित्र आणि सर्वोत्तम आवाज मागताच दोन सुट्या फाइली हाती आल्या आणि एफएफएमपेग (चित्र-आवाजाच्या फाइली जोडणारा प्रोग्रॅम) नसल्यामुळे त्या जोडल्या जाणार नाहीत, अशी सूचना स्क्रीनवर उमटली. यूट्यूब वरच्या दर्जाचे चित्र आणि आवाज वेगवेगळे ठेवते, त्यामुळे हे जोडकाम एफएफएमपेगवाचून होत नाही. एफएफएमपेग आणि त्याच्यासोबत येणारा, फाइलींची माहिती वाचणारा एफएफप्रोब या दोन्ही फाइलींचे फोल्डर पाथमध्ये (विंडोज जिथे प्रोग्रॅम शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) घालून कमांडची नवी विंडो उघडली, तेव्हा काम सुरळीत झाले; आधीपासून उघड्या असलेल्या विंडोला बदललेला पाथ कळत नाही.

लिनक्स वापरकर्ती :
वरच्या अनुभवाला पुस्ती जोडते. पिपवर (पायथनची पॅकेजे टाकणाऱ्या साधनावर) एफएफएमपेग याच नावाचे पायथन पॅकेज मिळते, पण ते म्हणजे हा प्रोग्रॅम नव्हे. खरा एफएफएमपेग एपीटीनेच (डेबियनसारख्या लिनक्समधल्या सॉफ्टवेअर टाकण्याच्या साधनानेच) घ्यावा. वायटी-डीएलपी मात्र एपीटीने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण संकेतस्थळे सतत बदलतात आणि तिथली आवृत्ती बहुधा मागे पडलेली असते. डेबियन 12 पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकू गेल्यास नकार मिळतो. त्यावर जबरदस्तीचा पर्याय न वापरता मी पिपएक्स वापरले, कारण ते प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र जागा देते.

मॅक वापरकर्ता :
होमब्रूच्या (मॅकवर सॉफ्टवेअर टाकण्याच्या साधनाच्या) एकाच आज्ञेत वायटी-डीएलपी आणि एफएफएमपेग ही दोन्ही नावे दिली. आणखी काही करावे लागले नाही.

आणखी एक सभासद :
2025च्या नोव्हेंबरपासून यूट्यूबसाठी डीनोसारखे जावास्क्रिप्ट चालवणारे साधनही लागते. ते नसेल तर काही फॉरमॅट यादीतून गायब होतात. अडचण विचारताना आज्ञेला हायफन व्ही (-v) जोडून येणारा सुरुवातीचा मजकूर इथे द्यावा. वायटी-डीएलपीची आवृत्ती कोणती आणि एफएफएमपेग सापडला की नाही, हे त्यातच दिसते.